जुळलेलं जनावर

बैलबाजारात गिऱ्हाईक आधी जनावराचा ओठ वर करतं. दुधाचेच दात असले तर आदत, दोन पक्के आले असतील तर दुसा, चार आले तर चौसा, आणि आठही पुरे झाले की जनावर जुळलं. मग अंगावरचे भोवरे बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं, औताला जुंपल्यावर बसकण मारतो का याची चौकशी करायची. एवढं झालं की रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. या पारखीत भाबडेपणा पुष्कळ आहे. कपाळावरच्या भोवऱ्यावरून मालकाचं नशीब सांगणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण घेणारा तिथे जनावराचं आजवरचं आयुष्य वाचतो आणि त्यावरून पुढचं ताडतो, एवढी गोष्ट त्यात पक्की शहाणपणाची आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात वाचण्यासारखं काही नसतंच. काचेच्या पेटीत कागदाच्या कपट्यांवर सात-आठ आठवड्यांचं पिल्लू झोपलेलं असतं, त्याच्यावर अजून काही गुदरलेलं नसतं, आणि तेवढ्यासाठीच गिऱ्हाईक त्याच्यावर भाळतं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हे निभावून जातं. फेरेटच्या बाबतीत जनावराला आणि माणसाला, दोघांनाही महागात पडतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याला फेरेट घ्यायचंच आहे त्याने पिल्लाच्या वाटेला जाऊ नये. कुणीतरी सोडून दिलेलं, दोन-तीन वर्षांचं, जुळलेलं जनावर घ्यावं.

चित्रात फेरेट बघितलं की मराठी माणसाला हटकून मुंगूस आठवतं. लांबोळकं अंग, आखूड पाय, टोकदार तोंड, दिसेल त्या भोकात शिरायची हौस. गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण मुंगसाचं कूळ निराळं. फेरेट पाणमांजराच्या आणि मिंकच्या कुळातलं, युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाने घडवलेलं. मुंगूस रानातलं, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळायला बंदी आहे. फेरेट मुळातच माणसाच्या दारातलं. त्याचं नावसुद्धा लॅटिनमधल्या चोर या शब्दावरून आलेलं आहे, छोटा चोर अशा अर्थाचं, आणि ते सार्थही आहे. ज्याच्या घरात फेरेट आहे त्याचे मोजे, किल्ल्या आणि टीव्हीचा रिमोट सोफ्याखालच्या एकाच कोपऱ्यात सापडतात. पण दोन हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला जवळ केलं ते सशांसाठी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की स्पेनमध्ये सशांचा सुळसुळाट झाला तेव्हा लिबियातून आणलेले असे प्राणी तोंडाला मुसकं बांधून बिळात सोडत; ससा बाहेर पळाला की वर माणसं टपलेली असतच. बॅलेअरिक बेटांवरचे लोक तर सशांना इतके कंटाळले, की त्यांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितलं, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलंय.

हा इतिहास मी उगाळतोय त्याला कारण आहे. या दोन हजार वर्षांतला बराचसा काळ फेरेट घेणारा माणूस कामासाठी जनावर घेत होता, त्यामुळे तो ते बैलासारखंच पारखून घेत होता. इंग्लंडच्या उत्तरेकडे आजही सशांच्या शिकारीला फेरेट नेणारे लोक आहेत आणि त्यांच्या कसोट्या अगदी रोकड्या असतात. बिळातून बाहेर आल्यावर ते मुकाट हातात येतं, की मागच्या मागे पुन्हा आत सटकतं? सशाला बाहेर हुसकतं, की आतच मारून, पोट भरून तिथेच ताणून देतं? दुसऱ्या जातीचं फेरेट निघालं की मालकाला फावडं घेऊन संध्याकाळपर्यंत खणत बसावं लागतं. अमेरिकेत शिकागोजवळ कणत्वरकाची प्रयोगशाळा उभी राहत होती तेव्हा, १९७१ साली, नळ्यांच्या आत राहिलेला धातूचा कीस काढायला एक फेरेट विकत घेतलं गेलं. त्याचं नाव फेलिशिया. किंमत ३५ डॉलर, लांबी १५ इंच. मागणी स्पष्ट होती, की असेल त्यातलं सगळ्यात लहान हवं, कारण ते नळीत मावायला हवं होतं. चार मैलांच्या मुख्य वर्तुळाच्या नळीत शिरायला बाईसाहेबांनी साफ नकार दिला. पण दुसऱ्या विभागातल्या तीन-तीनशे फुटी नळ्यांतून गळपट्ट्याला दोरी बांधून ती मुकाट आरपार जाई, मग त्या दोरीने स्वच्छतेचा बोळा ओढून घेत. जनावराला काय जमेल आणि काय जमणार नाही, हे तिथे पहिल्या काही दिवसांतच उघड झालं. आज घरात फेरेट नेणाऱ्याला हेच उघड व्हायला तीन-चार वर्षं लागतात, कारण त्याच्याबद्दलचे सगळे मोठे निर्णय ते काचेच्या पेटीत यायच्या आधीच कुणीतरी घेऊन मोकळं झालेलं असतं.

त्यातला सगळ्यात मोठा निर्णय नसबंदीचा. फेरेटची मादी माजावर आली आणि तिला नर मिळाला नाही, तर तिचा माज आपोआप उतरत नाही. नराशी संग झाल्यावरच तिच्यात बीज सुटतं. तोवर आठवड्यांमागून आठवडे इस्ट्रोजेन रक्तात चढत राहतं, त्याने हाडांतला मगज मंदावतो, नवं रक्त बनेनासं होतं आणि ती पांढरीफटक पडून मरते. तेव्हा पाळीव मादीच्या बाबतीत काही ना काही करणं भागच आहे. अमेरिकेत दुकानांतून विकली जाणारी बहुतेक पिल्लं मोठ्या पैदास केंद्रांतून येतात आणि तिथे हा प्रश्न एका फटक्यात सोडवतात: पिल्लू जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं असताना, नर असो वा मादी, नसबंदी करून टाकायची. त्याच वेळी शेपटीखालच्या दोन गंधग्रंथीही काढायच्या. उजव्या कानात गोंदलेले दोन निळे ठिपके ही त्याची पावती. पण शरीराचा हिशेब इतक्या सहज मिटत नाही. बीजकोश असतात तेव्हा त्यांच्यातून निघालेली संप्रेरकं मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगत असतात. ते काढून टाकले की हे सांगणारं कुणी उरत नाही. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी हाका मारतच राहते, आणि कधीतरी त्या हाकेला मूत्रपिंडाशेजारची अ‍ॅड्रीनल ग्रंथी ओ देते. ती फुगते, तिच्यात गाठी होतात, आणि नसलेल्या बीजकोशांचं काम ती करू लागते. शेपटीच्या बुडाचे केस जातात, मग कमरेचे, मग पाठीचे. खाज सुटते. नराची प्रोस्टेट सुजून लघवी तुंबते. पिल्लू विकणाऱ्याच्या दृष्टीने या आजाराची सोय अशी, की तो बहुधा तीन-चार वर्षांनी दिसतो. तोवर पावती हरवलेली असते आणि दुकानदारही बदललेला असतो.

युरोपात याला निराळे रस्ते काढलेत. बरेच डॉक्टर आता शस्त्रक्रियेऐवजी कातडीखाली डेस्लोरेलिन नावाच्या औषधाची कांडी बसवतात. तिचा असर ओसरला की पुन्हा बसवायची. इंग्लंडात पूर्वापार चालत आलेली युक्ती म्हणजे नस कापलेला नर पाळायचा: तो संग करतो, मादीचा माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. (ही युक्ती ज्याने काढली तो माणूस थट्टेखोर असणार.) गंधग्रंथी काढणं तिथे अंगच्छेद समजतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याने वास जात नाही. फेरेटच्या अंगाला जो उग्र, कस्तुरीसारखा दर्प असतो तो कातडीतल्या तैलग्रंथींचा. शेपटीखालची पिचकारी ते फक्त घाबरल्यावर सोडतं. वास मारतो म्हणून दर आठवड्याला साबण लावून आंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून आणखी तेल सोडते आणि दर्प वाढतो. दुकानात ‘ग्रंथी काढलेलं आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा घेणारा ‘वास येत नाही’ असं ऐकतो. महिन्याभराने घरात जो वाद पेटतो तो या ऐकण्यातून.

रंगाचंही तसंच. फेरेट घेणाऱ्याला निवड म्हणून जी काही उरते ती बहुतेक रंगाचीच असते, आणि गिऱ्हाईक धावतं डोकं पांढरं असलेल्या ‘पांडा’वर नाहीतर कपाळावरून मानेकडे पांढरा पट्टा गेलेल्या ‘ब्लेझ’वर. या पांढऱ्याच्या जोडीला फार वेळा जन्मजात बहिरेपण येतं. बहिरं फेरेट पाळता येत नाही असं मुळीच नाही, चांगलं पाळता येतं. पण तुमच्या हाकेने त्याला जाग येत नाही, आणि झोपेत अचानक हात लावला की ते दचकून चावतं, हे ठाऊक असावं लागतं. पिल्लू सगळ्यांच्याच हाताला चावतं, त्यामुळे हे चावणं बालपणाचं की बहिरेपणाचं, हे दुकानात कळायला मार्ग नाही. खाण्याचं तर आणखी विचित्र. फेरेट कट्टर मांसाहारी. त्याच्या पोटात गेलेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून त्याला दिवसातून आठ-दहा वेळा थोडंथोडं खावं लागतं आणि त्यात भरपूर प्रथिनं आणि चरबी लागते. धान्य त्याला पचत नाही. आणि अन्न म्हणजे काय, हे ते वासावरून आयुष्याच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास ठरवून टाकतं. त्या दिवसांत पैदास केंद्रातल्या कोरड्या गोळ्यांचा वास नाकात बसला असेल, तर पुढे ताज्या कोंबडीचा तुकडासुद्धा ते अन्न म्हणून ओळखायला नाखूष असतं.

आता या सगळ्याच्या समोर तीन वर्षांचं फेरेट ठेवून बघा. अमेरिकेत आणि इंग्लंडात सोडलेल्या फेरेटांसाठी निवारे आहेत. बरेचसे कुणाच्या तरी घरातच चालतात. तिथे गेल्यावर बैलबाजारातलं सगळं ज्ञान कामाला येतं. मानेमागची सैल कातडी धरून फेरेटला उचललं की ते अंग सोडून देतं आणि मोठी जांभई देतं. ही जांभई म्हणजे घेणाऱ्याला मिळालेली देणगीच, कारण तीत सगळेच्या सगळे चौतीस दात दिसतात. सुळे स्वच्छ पांढरे असले तर वय कोवळं. टोकं पिवळट आणि काचेसारखी झिरझिरीत झाली असली तर वय झालं. दाढांवर काट बसला असेल तर तेही दिसतं. मग कान बघायचे: आतला मळ तांबूस असला तर ठीक, काळा आणि कोरडा असला तर कीड. शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवायची. तिथले केस विरळ झाले असले तर अ‍ॅड्रीनलचा संशय घ्यायचा. खाली सोडून चालवायचं. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्यातिडव्या उड्या मारत ते मागे-पुढे नाचलं आणि घशातून ‘डुक-डुक’ असा आवाज काढला तर स्वारी खुशीत आहे. मागचे पाय घसटत असले, मधेच थांबून ते शून्यात बघत असलं, तर स्वादुपिंडाच्या गाठीने रक्तातली साखर उतरत असण्याची शक्यता असते. आणि मुख्य म्हणजे तिथे एक माणूस असतो, ज्याला या जनावराचं सगळं ठाऊक असतं: काय खातं, कुणाला चावतं, कोणत्या फेरेटशी त्याची गट्टी आहे, रबर कुरतडायची खोड आहे का. रबराचा तुकडा आतड्यात अडकून फेरेटं मरतात, तेव्हा ही चौकशी रंगापेक्षा शंभरपट मोलाची.

यावर पहिला आक्षेप असा, की पिल्लाला लळा लागतो तसा मोठ्याला लागत नाही. कुत्र्यांच्या जगातून उचललेली ही समजूत आहे, आणि तिथेही ती अर्धीच खरी आहे. फेरेटचं पिल्लू भावंडांशी खेळतं तसंच माणसाच्या हाताशी खेळतं, म्हणजे चावून. भावंडांची कातडी जाड असते, माणसाची नसते. चावायचं नाही हे शिकवायला महिनोन् महिने जातात, आणि बरीचशी फेरेटं याच काळात घराबाहेर पडतात. निवाऱ्यातलं जनावर या शाळेतून एकदा गेलेलं असतं. लळा कोणत्याही वयात लागतो; फरक पडतो तो हाताळण्याच्या सवयीने. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. काही फेरेटं इतक्या वाईट हातांतून आलेली असतात, की त्यांचा हातांवरचा विश्वास कायमचा उडालेला असतो. अशी असतात म्हणूनच विचारून घ्यावं. आणि घरात तान्हं मूल असेल, तर पिल्लू काय किंवा जुळलेलं काय, त्या मुलाबरोबर एकटं सोडायचंच नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. फेरेट जगतं सहा-आठ वर्षं. तिसऱ्या वर्षी घेतलं म्हणजे निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या घरी गेलं, आणि आजाराची वर्षं तेवढी आपल्या वाट्याला आली. हे खरं आहे, आणि त्याला गोड उत्तर माझ्यापाशी नाही. एवढंच म्हणेन, की पिल्लू घेणाऱ्यालाही ती वर्षं चुकत नाहीत. दोन-तीनशे डॉलरला घेतलेल्या फेरेटच्या एका शस्त्रक्रियेला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि निवाऱ्यात निदान तो खर्च जवळ आला आहे की नाही हे आधी विचारता येतं. सगळेच निवाऱ्यातून घेऊ लागले तर निवाऱ्यात येणार कुठून, असंही कुणी विचारील. निवारे ओस पडले तर छोट्या, नेकीने पैदास करणाऱ्याकडे जावं, पिल्लाची आई दाखवा म्हणावं, नसबंदी कधी आणि कशी ते ठरवायचा हक्क आपल्याकडे ठेवावा. पण निवारे ओस पडलेले मी कुठल्याच प्राण्याच्या बाबतीत ऐकलेले नाहीत.

तिसरा आक्षेप सरकारांचा, आणि तो मुळावरच घाव घालतो: फेरेट घेऊच नका. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सशांच्या बंदोबस्तासाठी हजारो फेरेटं सोडली. ती रानात रुळली आणि किवीसारख्या उडता न येणाऱ्या पक्ष्यांवर तुटून पडली. २००२पासून तिथे त्यांची विक्री आणि पैदास बंद आहे. हे मला पूर्णपणे पटतं. कॅलिफोर्नियात आणि हवाईतही बंदी आहे. न्यूयॉर्क शहरात १९९९ साली बंदीविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला तेव्हाच्या महापौरांनी, रुडी जुलियानींनी, रेडिओच्या थेट कार्यक्रमात डोक्यावर इलाज करून घ्यायचा सल्ला दिला होता. ते ध्वनिमुद्रण अजून लोक ऐकतात आणि हसतात. या बंद्या शहाण्या की नाहीत यावर वाद होऊ शकतो, पण घेणाऱ्याने त्या आधी बघाव्यात. न्यू जर्सीत परवाना काढून फेरेट पाळता येतं. एडिसनच्या एखाद्या मराठी घरात मुलांच्या हट्टापायी ते आलं आणि दोन वर्षांनी नोकरी कॅलिफोर्नियात लागली, तर सामानाच्या यादीत ते बसत नाही. निवाऱ्यात येणारी फेरेटं अशीच येतात: बदली, लग्न, बाळंतपण, घरमालक. त्यात जनावराचा दोष शोधून सापडत नाही, आणि म्हणूनच ‘सोडून दिलेलं म्हणजे खोडीलच असणार’ हा तर्क टिकत नाही.

राहिलं महाराष्ट्राचं. इथल्या हौशी बाजारातही ‘एक्झॉटिक’ या शब्दाखाली फेरेटचं नाव ऐकू येतं, आणि इथे माझा सल्ला सरळ नकाराचा आहे. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही. पारा तिशीच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्याला मानवते ती विशीच्या आतबाहेरची हवा. चंद्रपूर-नागपूरचा पंचेचाळिसाचा मे सोडूनच द्या, पुण्यातला एप्रिलसुद्धा त्याला झेपणारा नाही, आणि मुंबईत पारा कमी असला तरी दमटपणा आहे. म्हणजे चोवीस तास एसी, आणि दुपारी वीज गेली की धावाधाव. दुसरी अडचण कुत्र्यांच्या डिस्टेंपरची. ही साथ आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांत असते, विषाणू चपलेबरोबर घरात येऊ शकतो, आणि फेरेटला तो लागला की ते जवळपास कधीच वाचत नाही. या आजारावरच्या संशोधनासाठी लंडनच्या एका प्रयोगशाळेत फेरेटं पाळली होती, म्हणून तर १९३३ साली तिथल्या शास्त्रज्ञांना माणसाच्या फ्लूचा विषाणू त्यांच्यात सोडून बघता आला. फेरेटं माणसांसारखीच शिंकू लागली, आणि पुढे एका शिंकेने एका संशोधकालाही फ्लू दिला. फ्लू झालेल्या मालकाने फेरेटला कुशीत घेऊ नये हे तेव्हापासून ठाऊक आहे. अशा जनावराची लस, माज आणि रक्तातली साखर सांभाळणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसेल, तर ते घेणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. इथे ना निवारा, ना जुळलेलं जनावर पारखून घ्यायची सोय. असतं ते पेटीतलं पिल्लू, आणि पेटीवर एसीचा झोत.

जिथे थंड हवा आहे, कायदा आड येत नाही आणि डॉक्टर आहे, तिथे निवाऱ्यात जाणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवतात. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतं, आणि कधीकधी इतकं गाढ, की उचललं तरी जागं होत नाही; अंग ओल्या टॉवेलसारखं लोंबतं, श्वास दिसत नाही, नवा माणूस घाबरून डॉक्टरला फोन लावतो. फोन करायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली घालून हलक्या हाताने हलवायचं, नाकाशी काहीतरी वासाचं धरायचं आणि थांबायचं. अर्ध्या-एक मिनिटाने मिशा हलतात, एक डोळा किलकिला होतो, आणि मग ती जांभई येते, कानापर्यंत फाकलेली, पिवळट सुळ्यांची.